कुणाचा पल्ला वर?

माझा भाऊ यौछाय भांडायला लागला की शेजाऱ्यांना वाटतं, आत कुणीतरी गाणं म्हणतंय. आम्ही सुझौचे, आमची बोलीच तशी मऊ. उलट भिंतीपलीकडचे लौ मास्तर निंगबोचे. त्यांनी नुसतं "जेवलात का?" विचारलं तरी रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघतात, मारामारी कुठे लागलीय म्हणून. शांघायच्या एकाच गल्लीत एकाच भिंतीला पाठ लावून या दोघांची शिंप्याची दुकानं, आणि त्या भिंतीची मला कायम कीव यायची.

आमचं दुकान आपल्या कपड्यांचं. बायकांचे उभ्या कॉलरचे लांब झगे, रेशमी गोट, कापडी गुंड्या. लौ मास्तरांचं दुकान साहेबी कपड्यांचं. बँकेतले, जहाज कंपनीतले लोक त्यांच्याकडे सूट शिवायला येत. खांद्यात कापूस, छातीत ताठ कापड, आणि दिवसभर इस्त्रीची वाफ. दोघंही आपापल्या कामात वाघ, त्यामुळे एकमेकांच्या कामाला नावं ठेवण्यात त्यांचा अर्धा दिवस सुखाने जाई.

"त्या कोटाला आत माणूस कशाला हवा?" माझा भाऊ म्हणायचा. "तो एकटाच उठून कामावर जाईल."

"शेन मास्तरांचा झगा घडी घातला की सपाट," भिंतीपलीकडून गर्जना यायची. "बाई काय सुकवलेला मासा असते सपाट असायला?"

मी शेन यौछायची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मी भावाकडे आले. मग त्याची बायकोही गेली आणि तिची तान्ही पोर माझ्या मांडीवर पडली. दुकानात माझं काम गुंड्यांचं. रेशमाची पट्टी कापायची, खळ लावून तिची दोरी वळायची, एका टोकाला गाठ घालून गुंडी करायची, दुसऱ्या दोरीचा फास, आणि उरलेल्या दोरीचं दोन्हीकडे फूल नाहीतर पान. झगा माझा भाऊ शिवायचा, पण गिऱ्हाईक बाई आरशासमोर उभी राहिली की तिचं बोट आधी माझ्या गुंडीवर जायचं. हे मी भावाला दर आठवड्याला ऐकवत असे, तो विसरू नये म्हणून.

ती तान्ही पोर म्हणजे वानयिंग. बघता बघता मोठी झाली, शाळा शिकली, तार कचेरीत कामाला लागली. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की लौ मास्तरांचा मुलगा तेशंग सारखा आमच्याकडे दोरा मागायला येतो. त्याच्या बापाच्या दुकानात दोऱ्याच्या रिळांनी भिंत भरलेली. उंच, लाजरा, कान मोठे. बोलायला तोंड उघडलं की आधी कान लाल व्हायचे.

"काळा दोरा हवा होता, आत्या."

"काळा कालच नेलास."

"मग पांढरा."

मी वानयिंगकडे पाहिलं. ती नुसतीच खिडकीबाहेर बघत होती, आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मला हसू आवरेना.

दोन्ही बापांना कळलं तेव्हा आठवडाभर दोघंही गुरगुरले. निंगबोचे लोक खारट खातात, आम्ही भाजीतसुद्धा साखर घालतो. ही पोरगी तिथे जेवणार काय, हा माझ्या भावाचा मोठा प्रश्न. लौ मास्तरांचा प्रश्न, आमच्या घरात मोठ्याने बोलतात, ही घाबरणार तर नाही? "काका, मी तर लहानपणापासून तुम्हाला भिंतीतून ऐकतेय," वानयिंग त्यांना म्हणाली. त्यावर ते इतके हसले की आमच्याकडची चहाची झाकणं वाजली. लग्न ठरलं, थंडीतली चांगली तिथी निघाली.

त्या वर्षी, म्हणजे १९३४ साली, झग्यांची लांबी टाचेच्या खाली उतरली होती आणि पोरी रस्ता झाडत चालायच्या. लग्नाचं तर विचारूच नका. निम्म्या मुली भाड्याच्या दुकानातून पांढरा साहेबी झगा आणि जाळीची ओढणी आणायच्या. शंभर नवऱ्यांनी, म्हणजे शंभर नवऱ्या मुलींनी, आधी घालून घामेजलेला. उरलेल्या निम्म्या आज्यांचे जरीचे लाल घागरे काढायच्या, कापराचा वास येणारे. वानयिंगला दोन्ही नको होतं.

"बाबा, आत लाल झगा तुम्ही शिवा," ती म्हणाली. "त्यावर आखूड कोट हवा मला, कमरेपर्यंतचा. तो तुम्ही आणि लौकाकांनी मिळून शिवायचा."

"मिळून?" भाऊ म्हणाला, जणू तिने त्याला बैल आणि म्हैस एकाच जुवाला जुंपायला सांगितलं होतं.

"मिळून. मी जाणार कुठे, भिंतीपलीकडे. तिकडे पाहुणी म्हणून जायचं नाही मला, आणि इकडची उरले नाही असंही वाटायला नको. एका कोटात दोन्ही घरं असली की मी कुठेही उभी राहीन."

तिच्या आईचा आवाज तसाच होता. हळू, पण एकदा बोलली की दगडावरची रेघ. माझ्या भावाने नाक शिंकरलं आणि होकार दिला.

मग सुरू झाली मजा. लौ मास्तरांनी विलायती लोकर काढली, पिकल्या बोराच्या रंगाची. ताग्याचं शेवटचं टोक, अगदी एका कोटापुरतं. तो रंग पुन्हा येणार नव्हता. माझ्या भावाने हांगचौचं रेशीम काढलं. लोकर बाहेर की रेशीम बाहेर यावर दोन दिवस गेले. शेवटी लोकर बाहेर, रेशीम आत, आणि कडेने रेशमी गोट, असं ठरलं. कॉलर आमची, उभी. खांदे आणि बाह्या त्यांच्या. कंबर कुणाची, यावर मी म्हटलं की कंबर वानयिंगची आहे, तिला विचारा.

कोटाची पाठ लौ मास्तरांनी बेतली तेव्हा माझा भाऊ "सहज" म्हणून तिकडे गेला आणि तासभर परत आला नाही. आला तो डोळे मोठे करून.

"ताई, हा माणूस वाफेने कापडाला आकार देतो. सपाट कापड होतं, त्याने इस्त्री फिरवली, खेचलं, दाबलं, आणि कापडाला खांदा आला. टाका नाही, चुणी नाही! नुसता खांदा!"

"मग आजवर सुकवलेले मासे कोण शिवत होतं?" मी विचारलं.

"गप बस," तो म्हणाला, पण संध्याकाळी त्याने माझा एक जुना झगा घेतला आणि कमरेला कापड आत घेऊन दोन चिमट्या घालून बघितल्या. मला तो झगा इतका छान बसला की मी तो उतरवलाच नाही. या वयात! भाजीवाल्याने दोनदा वळून पाहिलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

इकडे लौ मास्तर आमच्याकडे गोट घालायला शिकायला आले. काडीएवढा बारीक रेशमी गोट कडेला फिरवायचा म्हणजे चेष्टा नाही. त्यांच्या जाडजूड बोटांतून रेशीम सटकायचं आणि तोंडातून निंगबोच्या शिव्या निघायच्या. "शेनताई, हे काम माणसाचं नाही, भिंतीवरच्या कोळ्याचं आहे," ते म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचे. त्यांच्या बायकोने गावाहून तिळाच्या सारणाचे तांदळाचे गोळे पाठवले होते, ते आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले. माझा भाऊ म्हणाला, खारट लोकांना गोड इतकं चांगलं कसं जमतं? लौ मास्तर म्हणाले, लपवून ठेवतो. आणि मला वाटलं, आता सगळं सुरळीत पार पडणार.

पाठ झाली, खांदे झाले, बाह्या झाल्या. पुढचे दोन पल्ले, म्हणजे छातीवर मिटणाऱ्या दोन बाजू, तेवढ्या राहिल्या. लौ मास्तरांनी कापडावर खडूने उजवा पल्ला रुंद आखला, डावा अरुंद. माझा भाऊ शेजारी उभा होता. त्याचा चेहरा खडूसारखाच पांढरा पडला.

"हे काय आखलंत?"

"पुढचे पल्ले. उजवा वर, डावा खाली."

"उजवा वर?"

आता हे ज्याला माहीत नाही त्याला कसं सांगू? आमच्याकडे जित्या माणसाचा डावा पल्ला उजव्यावर येतो आणि उजव्या कुशीत बंद होतो. हजारो वर्षं असंच. उजवा पल्ला डाव्यावर घालतात तो फक्त माणूस गेल्यावर, शेवटच्या कपड्यात. माझ्या भावाने स्वतः आमच्या आईला तसे कपडे शिवले होते. आजारी माणसाच्या अंगावरसुद्धा कुणी चुकून तसं पांघरत नाही.

पण साहेबी शिंपीकामातही एक नियम आहे, आणि लौ मास्तर त्यावरच वाढलेले. पुरुषाच्या कोटाचा डावा पल्ला वर, बाईच्या कोटाचा उजवा. आजवर ते पुरुषांचेच कोट शिवत आले, डावा वर ठेवत आले, त्यामुळे आमचं कधी अडलं नव्हतं. हा त्यांच्या हातचा पहिला बायकी कोट होता.

"माझी मुलगी मढ्याचं कापड घालून बोहल्यावर चढणार?" माझा भाऊ गाऊ लागला, म्हणजे ओरडू लागला.

"मग काय माझी सून पुरुषाचा कोट घालून येणार?" लौ मास्तर नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. "लग्नाला माझ्या धंद्यातले सगळे येतील. पहिली नजर पल्ल्यावर जाते त्यांची! म्हणतील, लौला आयुष्यभर कोट शिवून बाई आणि बाप्या कळेना!"

"हसले तर हसले! हसण्याने कुणी मरत नाही!"

"पल्ल्यानेही कुणी मरत नाही!"

माझ्या भावाने ताडकन जाऊन आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, तिने ऐकलं असेल तर माफी म्हणून. लौ मास्तरांनी कापड गुंडाळलं आणि निघून गेले. जाताना त्यांनी दार आपटलं नाही, फक्त लावलं. त्यांच्यासारख्या माणसाने दार हळू लावलं म्हणजे प्रकरण गंभीर.

चार दिवस भिंत मुकी झाली. इकडून टोमणा नाही, तिकडून गर्जना नाही. मला त्या शांततेचा असा राग आला की काय सांगू. तेशंग दोरा मागायलासुद्धा येईना. नळावर भेटला तेव्हा त्याचे कान पांढरे होते. आणि वानयिंग जेवताना वाडग्यात बघून जेवायची, बापाशी एक शब्द नाही. सकाळी जाताना "येते" तेवढं म्हणायची, आणि तेही मला.

माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. गुंड्या मी कधीच करून ठेवल्या होत्या, पाच जोड्या. प्रत्येक जोडीत दोन मासे, एक गुंडीचा, एक फासाचा. लावल्या की दोघांची तोंडं एकमेकांना टेकायची. माशाच्या खवल्यांसाठी मी रेशमाच्या दोरीत बारीक तार घातली होती. इतकं नाजूक काम मी पूर्वी केलं नव्हतं आणि पुन्हा होणारही नाही. पण कोण वर, कोण खाली, हे ठरल्याशिवाय त्या लावू कुठे?

पाचव्या दिवशी वानयिंग कामावरून परतली ती थेट लौ मास्तरांच्या दुकानात गेली, त्यांना हाताला धरून, त्या गुंडाळलेल्या कापडासकट, घेऊन आली आणि बापासमोर उभं केलं.

"मी भाड्याच्या दुकानात जाऊन आले," ती म्हणाली. "पांढरा झगा बघून ठेवलाय. काखेत डाग आहे, पण हात खाली ठेवले की दिसत नाही."

दोन शिंपी. दोघांच्या घरची नवरी. भाड्याच्या झग्यात, काखेत डाग. दोघांची तोंडं अशी झाली, जणू कुणी शिजवलेला भात सांडला होता.

"वानयिंग..." माझा भाऊ म्हणाला.

"कापड आहे तेवढंच आहे. डावा पल्ला बाबा शिवतील, उजवा काका शिवतील. कोण वर, कोण खाली, ते तुमचं तुम्ही बघा. मी विचारणार नाही आणि भांडण ऐकणार नाही. लग्नाच्या आदल्या दुपारी कोट अंगावर चढला तर ठीक, नाहीतर तो डागाचा झगा." मग तिने लौ मास्तरांचा हात सोडला. "मला तो कोट हवाय हो. पण तुमच्या दोघांच्या रागाने शिवलेला नकोय."

असं म्हणून ती माडीवर गेली. लौ मास्तरांनी कापडाचे दोन तुकडे केले, एक त्यांनी उचलला, दुसरा माझ्या भावाने. एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही दोघांनी.

मी दोन्हीकडे चकरा मारायला लागले.

"यौछाय, पल्ला रुंद कापलास की अरुंद? मला गुंड्या लावायच्यात."

"वेळेवर कळेल."

"मास्तर, तुमचा पल्ला वर की खाली?"

"शेनताई, चहा घ्या."

ताकास तूर लागू देईनात. माझा भाऊ पल्ला शिवायचा तो पाठ माझ्याकडे करून. भिंतीपलीकडे इस्त्रीचा आवाज यायचा, पण त्याआडून एक गर्जना नाही. मला खात्री होती, दोघंही आपलाच पल्ला रुंद करून बसलेत. दोन रुंद पल्ले एकावर एक, दोघांनाही वर यायचंय. मी मनातल्या मनात त्या डागाच्या झग्याला काखेतून धुऊन काढायला लागले.

लग्नाच्या आदल्या दुपारी सगळे आमच्या दुकानात जमले. लौ मास्तरांची बायको गावाहून बोटीने आली होती, खारवलेल्या खेकड्यांची बरणी मांडीवर घेऊन. इतकी हळू बोलणारी बाई मी पाहिली नाही. दोघांच्या वाटणीचा आवाज नवऱ्याने घेतल्यावर तिला एवढाच उरला असावा. तेशंग दारात उभा, कान पुन्हा लाल. वानयिंग आमच्या लाल झग्यात मधोमध उभी राहिली. झगा काय दिसत होता! कमरेला चिमट्या होत्या, माझ्या भावाने कुणाला न सांगता घातलेल्या.

लौ मास्तरांनी कोट आणला. पाठ, खांदे, बाह्या आणि उजवा पल्ला जोडलेला. माझ्या भावाने डावा पल्ला आणला, कागदात गुंडाळून. वानयिंगने कोट चढवला आणि मी डावा पल्ला तिच्या अंगावरच खांद्याला आणि कुशीला कच्च्या टाक्यांनी जोडला. मग मी बाजूला झाले आणि म्हटलं, "घ्या, मिटा आता."

वानयिंगने दोन्ही पल्ले पुढे ओढले.

ते मधोमध येऊन थांबले. उजव्याची कड डाव्याच्या कडेला जेमतेम टेकली. वर कोणीच नव्हतं. दोन्ही पल्ले अरुंद होते, दोन्ही खाली जाण्यासाठी कापलेले.

मग दोघं एकदम बोलले.

"तुमचा पल्ला वर यायचा होता ना?"

"तुमचा यायचा होता!"

"मी खाली घेतला," माझा भाऊ म्हणाला, "तुमचा वर यावा म्हणून."

"मीही तेच केलं!" लौ मास्तरांच्या आवाजाने खेकड्यांची बरणी थरथरली. "पण शेन मास्तर, तुम्ही तर म्हणालात मढ्याचं कापड!"

माझ्या भावाने मान खाली घातली. "आईला विचारलं. उदबत्ती लावून विचारलं, उजवा वर आला तर चालेल का. ती काही बोलली नाही. आणि जिवंतपणी ती कधी गप्प बसली नव्हती, म्हणजे मान्य असावं." मग तो वानयिंगकडे बघत म्हणाला, "मेलेली माणसं रागावली तर मी बघून घेईन. ही जिवंत पोरगी माझ्याशी बोलत नाहीये, ते मला सोसत नाही."

वानयिंगच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आणि तुमचे धंद्यातले लोक?" मी लौ मास्तरांना विचारलं. "ते हसणार होते ना?"

"सांगणार होतो, पॅरिसमध्ये सध्या असंच चालतं," मास्तर म्हणाले. "त्यांना काय कळतंय? एकही तिकडे गेलेला नाही. हसले असते तर हसले असते. हसण्याने कुणी मरत नाही, हे मला एका शहाण्याने सांगितलं होतं."

मला हसू फुटलं. मी हसले ते थांबेचना, टेबलाला धरून बसले. मग तेशंगची आई हसली, तोंडावर हात धरून. पण दोन्ही शिंप्यांना एकदम भान आलं आणि त्यांची तोंडं उतरली.

"नवा पल्ला बेतण्याएवढं कापड उरलं नाही," लौ मास्तर म्हणाले. "नुसत्या कापून टाकलेल्या पट्ट्या आहेत. उद्या लग्न. आता हा मिटणार कसा?"

"पट्टी जोडली तर शिवण दिसेल," माझा भाऊ म्हणाला. "मधोमध. छातीवर."

वानयिंग आरशात बघत होती. दोन्ही कडा सोडल्या की बोराच्या रंगामधून आतल्या लाल झग्याची एक बारीक रेघ दिसत होती, मानेपासून कमरेपर्यंत. तिने पल्ले जवळ आणले, सोडले, पुन्हा जवळ आणले.

"याला वर-खाली हवंच कशाला?" ती म्हणाली. "असाच छान आहे. कडेला कड."

"कडेला कड?" माझा भाऊ म्हणाला. "तो हमालाचा सदरा! बंदरावर गोण्या वाहणारे घालतात तसा!"

"हमाल आपलेच ना?" वानयिंग म्हणाली. "म्हणजे आपलाच कपडा झाला. आणि मढ्याचा नक्की नाही."

लौ मास्तर डोकं खाजवत होते. "साहेबांच्या बायका संध्याकाळी असे आखूड कोट घालतात खरे," ते हळूहळू म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "पुढे मिटतच नाहीत ते. नुसते समोरासमोर. म्हणजे... पुरुषाचाही नाही."

"मग झालं तर!" मी म्हटलं आणि माझी डबी उघडली. एक जोडी काढून मी दोन्ही कडांवर टेकवली. एक मासा डाव्या पल्ल्यावर, एक उजव्या पल्ल्यावर, मधे तोंडाला तोंड. एकावर एक पल्ला आला असता तर एक मासा वरच्या पल्ल्यावर आणि एक खालच्यावर बसला असता. आता दोघं समोरासमोर, बरोबरीने पोहत होते. ही बरोबरी मी ठरवून केली नव्हती, पण तसं कुणाला सांगायची गरज नव्हती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं ते चढलंच.

"पण गुंडी कुठल्या बाजूला?" माझा भाऊ म्हणाला. "आणि फास कुठल्या?"

"गुंडी शेन मास्तरांच्या बाजूला," लौ मास्तर म्हणाले. "मान त्यांचा."

"छे! गुंडी तुमच्या बाजूला. मुलगी तुमच्या घरी येतेय."

"ऐका माझं, मी मोठा!"

"वयाने नाही, नुसत्या आवाजाने!"

इतके दिवस अबोला धरलेली माणसं आता एकमेकांना मान देण्यावरून हमरीतुमरीवर आली. भिंतीचे कान परत भरले. मी सुई ओवली. "एक गुंडी इकडे, एक तिकडे," मी म्हटलं. "आलटूनपालटून. आणि आता दोघंही बाहेर जा, मला उजेड अडतोय."

"अशा गुंड्या एका हाताने लागणार नाहीत," लौ मास्तर दारातून म्हणाले.

"मग दोन हात लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलर, गोट, गुंड्या, सगळं जागेवर होतं. गल्लीत बायका जमल्या होत्या, सनईवाले आले होते, आणि लग्नाच्या जागी न्यायला आलेली भाड्याची मोटार हॉर्न वाजवत होती. शेवटचा हात फिरवायला दोन्ही शिंपी आत आले. हा शिंप्याचा हक्क. नवरी कुणाचीही असो, बाहेर पडण्याआधी कपडा शिवणाऱ्याने एकदा बघायचा असतो. इथे तर दोन शिवणारे होते. माझ्या भावाने वरची गुंडी लावली. त्याची बोटं आयुष्यभर रेशमात वावरलेली, पण ती एक लावायला त्याला वेळ लागला. मग लौ मास्तरांनी दुसरी लावली, जीभ दातात धरून. तिसरी भावाने, चौथी मास्तरांनी. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तरी ते ओरडत होते, "हा कोळ्याचा धंदा आहे, माणसाचा नाही!"

एक गुंडी उरली, सगळ्यात खालची.

"घ्या मास्तर," माझा भाऊ म्हणाला.

"नाही नाही, तुम्हीच. शेवटची बापाने."

"सासऱ्याने लावायची. आता तुमची लेक."

बाहेर हॉर्न वाजतच होता. दारात तेशंग ताटकळत होता, साहेबी सूटमध्ये, आणि त्याच्या सूटची उभी कॉलर माझ्या भावाने घातलेली. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून एकमेकांना पुढे ढकलत होते, आणि मी आता मधे पडणार इतक्यात वानयिंग खाली बघत म्हणाली:

"ही माझी."

तिने दोन्ही हातांनी ती गुंडी फासात अडकवली, कोट एकदा खाली ओढला, आणि आम्ही कुणी हलायच्या आत उंबऱ्याबाहेर पडली.